रोगणाखालचा चंद्र

जवळ सरकून बसा बाबांनो, एका चंद्राची गोष्ट सांगतो. लाल नदीकाठचा म्हातारा खुए सोन्याचा वर्ख लावून काढलेल्या चित्रावर झाडाच्या चिकाचं काळं रोगण चढवायचा, मग पाणी घालून घासत आतला वर्ख वर आणायचा. कुठं थांबायचं, ते मात्र बायको थोआन सांगायची. तापातून उठल्यापासून ती बोलेनाशीच झाली. एका धुकट सकाळी तिच्या खाटेशी त्यानं देवळासाठीचा फलक घासायला घेतला. काळोखातून होडी तरंगत आली, पाठोपाठ चंद्र उगवला. “थांबू का गं? बोल, नाहीतर घासतच राहीन!” ती नुसती बघत राहिली. तो घासत राहिला. वर्ख विरला, सोनं पाण्याबरोबर वाहू लागलं. “अहो, पुरे! आंधळे झालात का? गेला की चंद्र!” थोआन ओरडली. काळ्या फलकावर डोकं टेकून खुए हसतहसत रडला. चंद्र विसरलात तरी चालेल, बाबांनो; थोआनचा परतलेला आवाज आठवणीत ठेवा.