रोखलेला श्वास

डॉक्टर श्यामसुंदर स्क्रीनवर वाकले आणि खूश झाले. "काय स्थिर श्वास धरलाय या गृहस्थांनी! फुप्फुसातली तीन मिलिमीटरची गाठ, पण कडा बघा कशी रेखीव दिसतेय. अगदी वेळेत सापडली."

स्कॅन काढणाऱ्या अस्मितालाही कौतुक वाटलं. उत्तरेश्वर मास्तर, कवायतीचे निवृत्त शिक्षक, सांगितलेलं तंतोतंत पाळणारे. तिने माइकवरून 'श्वास रोखून धरा' म्हटलं आणि...

आणि स्कॅन संपताच फोन वाजला होता. मास्तरांना तिने हातानेच बाहेर बसायला खुणावलं होतं. 'सोडा' म्हणायचं राहूनच गेलं.

त्याला अर्धा तास झाला होता.

ती धावत बाहेर आली. मास्तर बाकावर ताठ बसले होते. छाती फुगलेली, तशीच. तिला पाहून त्यांनी अदबीने भुवया उंचावल्या: सोडू का?

त्या श्वासाबरोबर मास्तरांचा जीवही सुटला तर? 'सोडा' म्हणायला अस्मिताची जीभ रेटेना.