मागची सीट

दोन सिटांची सायकल नवऱ्यानं हौसेनं आणली आणि महिन्याभरात तिच्याकडे पाठ फिरवली. तेव्हापासून दर रविवारी कालव्याकाठच्या सपाट रस्त्यावर मागच्या सीटवर सासूबाई असत, बदकं बघत, गुणगुणत, पायडलवर पाय नुसते टेकवून. दोघींचं ओझं सून ओढायची. आज मात्र मागचा चेहरा दिसत नाही, हेच तिला सोयीचं वाटलं. “आई, आम्ही घटस्फोट घेतोय,” तिनं हँडलला सांगितलं. गुणगुणणं थांबलं. सुनेला वाटलं, आता या उतरणार, चालत घरी जाणार, पुन्हा तोंडही बघणार नाहीत. तेवढ्यात पायडल एकदम हलकं झालं. तिनं दचकून मागे पाहिलं. सासूबाई पहिल्यांदाच नेट लावून पायडल मारत होत्या. “पुढे बघ, कालव्यात घालशील,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “पुढच्या रविवारी हँडल मी धरते. तू नुसती मागे बसून बदकं बघ.”