पाळण्यावरचं मोहोळ

"गौरवी, हयसर ये. आवाज करू नको."

सासूची हाक इतकी हळू आली, की गौरवी मसाल्याचं वाटप अर्धवट टाकून उठली. देवकीबाई कधी हळू बोलत नसत. मसाल्याने भरलेले हात तसेच घेऊन ती माजघराकडे आली आणि उंबऱ्यावरच थिजली.

सेजलच्या पाळण्यावर माश्या बसल्या होत्या.

पाळण्याच्या दोरीला धरून नारळाएवढा घोस लोंबत होता. काळपट, पिवळसर, सळसळता. खिडकीतून अजून येतच होत्या. घोसाच्या टोकाखाली वीतभर अंतरावर आठ महिन्यांची सेजल झोपली होती. एक माशी तिच्या ओठावर, दूध सुकलेल्या जागी, सावकाश फिरत होती.

मागच्या काजूखाली गौरवीच्या पाच मधपेट्या होत्या. तिसऱ्या पेटीतल्या माश्यांचा एक थवा फुटून नव्या घराच्या शोधात बाहेर पडायच्या बेतात आहे, हे तिला शनिवारीच दिसलं होतं. पण त्या दिवशी सेजलला ताप होता. उद्या बघू, म्हणून तिने झाकण लावून टाकलं होतं.

"परेशाक फोन केलंय. तो तुयेक कामार गेलोहा, थयसून येयसर वेळ जातलो," देवकीबाई आपल्या लेकाबद्दल म्हणाल्या. त्यांच्या हातात सुक्या झावळाची चूड होती आणि काडेपेटी. "मिया चूड पेटयतंय."

"आयी, आग नको! धूर लागलो तर सगळी माशी सेजलच्या अंगार पडतली."

"मगे काय, बघीत रवाचा?"

पेट्या घेतल्या तेव्हाच्या प्रशिक्षणात सांगितलेलं गौरवीला आठवत होतं. घर सोडून निघालेली माशी पोटभर मध पिऊन निघते, ती सहसा डंख करत नाही. सहसा.

"तुमी पाळणो धरा," ती म्हणाली. "दोनय हातांनी. हलाक देव नकात. मिया तिका काढतंय."

देवकीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पाच वर्षांत त्या पेट्यांच्या बाजूला फिरकल्या नव्हत्या. कपडे वाळत घालायचे तेसुद्धा पुढच्या अंगणात. त्यांनी चूड खाली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि पाळण्याच्या कडा धरल्या.

गौरवीने हात पुसले. वाजू नयेत म्हणून काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि घोसाखालून हात आत घातले. माश्यांची ऊब मनगटाला लागली. इतकी ऊब असेल असं तिला वाटलं नव्हतं. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. तिने लेकराला तसूतसूने आपल्याकडे ओढलं.

सेजलने झोपेत पाय झाडला.

घोस हलला. आवाज एकदम चढला. मूठभर माश्या सुटून देवकीबाईंच्या मनगटावर पडल्या आणि बाहीकडे चढू लागल्या. देवकीबाईंनी डोळे मिटले. पाळणा सोडला नाही.

लेकरू छातीशी आलं. ओठावरची माशी उडाली. गौरवी पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे घेत उंबऱ्याबाहेर आली.

"आयी, सोडा आता. हळू."

देवकीबाईंनी एकेक बोट सोडलं. पण जागच्या हलेनात. गौरवीने पुन्हा हाक मारली, तेव्हा कुठे त्या बाहेर आल्या. अंगणातल्या उन्हात हातावरच्या माश्या उठून गेल्या. दंडावर एक डंख सुजत होता. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

तोवर सेजल जागी होऊन रडायला लागली होती. गौरवी तिथेच पायरीवर बसली. तिने लेकराला पदराखाली घेतलं. सेजल ओढत राहिली, मग तोंड सोडून किंचाळली, पुन्हा ओढू लागली.

"काय गे?"

"दूद येना, आयी." गौरवीच्या डोळ्यांना धार लागली. "येनाच."

देवकीबाई तिच्या मागच्या पायरीवर बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"येतला. आदी भंय उतरांदे."

आतून घुमणं ऐकू येत होतं. सुजलेल्या दंडाचा तो हात गौरवीच्या पाठीवर सावकाश फिरत राहिला.