स्वतःच्या गावातला वेग

घाट उतरून रस्ता खडकओहोळकडे वळला, तसा सगळ्या सायकलपटूंनी वेग कमी केला. शर्यतीतला जुना रिवाज होता तो. ज्याचं गाव येईल त्याला पुढे सोडायचं, त्यानं घरच्यांना भेटून घ्यायचं, आणि तोवर कुणी डाव साधायचा नाही.

"जा मल्हारी, आईला आमचाही नमस्कार सांग," शेजारचा म्हणाला.

मल्हारी ढेबे पुढे निघाला. देवळापाशी आई उभी होती, फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन. तो ब्रेक दाबायला गेला, पण बोटं हलेनात. मानेत बसवलेल्या चिपमधून त्याचं अंग टीमच्या गाडीतला संगणक चालवत होता, आणि त्या संगणकाला दिसत होता फक्त मोकळा रस्ता. तोंड तेवढं मल्हारीचं स्वतःचं होतं.

"सर, पाय सोडा माझे. आई आहे ती," तो माइकमध्ये म्हणाला.

"अशी संधी पुन्हा मिळायची नाही," गाडीतून मॅनेजर म्हणाला.

पाय आणखी जोरात फिरू लागले. मान वळवली की वारा अडतो, म्हणून मानही सरळच राहिली.

संध्याकाळी टीव्हीवर नवा विक्रम झळकला. स्वतःच्या गावातून सर्वांत वेगानं गेलेला सायकलपटू, ताशी एकाहत्तर किलोमीटर. जेवायला मल्हारीच्या शेजारी कुणी बसलं नाही. पडद्यावर वार्ताहरानं आईसमोर माइक धरला होता. फडकं अजून तिच्या हातातच होतं.

"लहान होता तेव्हा एका हाकेत माघारी फिरायचा," ती म्हणाली. "आता मोठा झाला."