माणशी किती

"ठेवायचं का काढायचं, एवढंच लिहा," व्यंकटराव म्हणाले. "मंगळवारच्या बैठकीत मला दोन पानांच्या वर वाचायला लावू नका."

जवळा बाजारच्या हळद कंपनीचे ते अध्यक्ष. ऑफिसच्या चॅटला एआयची जोड गेल्या आषाढात त्यांनीच घेतली होती. माणशी दरमहा भाडं. कुणी रजेवरून परतलं की मागच्या शेकडो मेसेजचं सार दहा ओळींत मिळायचं. व्यापाऱ्याला इंग्रजी पत्र लिहून मिळायचं. आता वर्ष भरत आलं होतं आणि भाडं वाढणार होतं. फायदा-तोटा मांडायचं काम ऑफिस सांभाळणाऱ्या शिवकन्येकडे आलं.

तिचं मत कधीचंच ठरलेलं होतं. तरी तिने सगळ्यांना विचारलं.

गोदामातल्या निर्मलाबाई म्हणाल्या, "मार्चमदी मी लिहिलं, ओली हळद उतरवून घेऊ नका. त्या मशीननं सारात लिहिलं, हळद उतरवून घ्या. तीन गाड्या उतरल्या की. मंग वाळवत कोण बसलं? मीच."

विक्री बघणारा देविदास मात्र त्याच्यावर खूश होता. "आधी एका पत्रात माझा अर्धा दिवस जायचा, ताई. आता चहा संपायच्या आत होतंय."

शिवकन्येने दोन्ही बाजू लिहिल्या. एक गोष्ट लिहिली नाही. ती लिहिण्यासारखी नव्हती.

भागवत गावोगाव फिरून शेतकऱ्यांचा माल ठरवायचा. चाळिशीचा, एकटा, तोंडातून शब्द काढायला जड. बैठकीत त्याला काही विचारलं तर तो "हां" किंवा "न्हाई" म्हणायचा आणि कागदाकडे बघत बसायचा. गेल्या आषाढात शिवकन्येचे वडील वारले. एसटीत कंडक्टर होते ते. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरात बापलेक दोघंच. त्यांचं आजारपण काढता काढता तिची पस्तिशी उलटली होती. तेराव्यानंतर ती कामावर आली, त्या दुपारी चॅटवर भागवतचा मेसेज आला.

"शाळेत जाताना मी तुमच्या वडिलांच्याच गाडीत असायचो. पास घरी राहिला तरी त्यांनी कधी उतरवलं न्हाई. फक्त म्हणायचे, उद्या दोनदा दाखव."

शिवकन्या वडील गेल्यापासून पहिल्यांदा त्या दुपारी हसली आणि मग संडासात जाऊन रडली.

पुढे रोज काहीतरी येत गेलं. औंढ्याच्या स्टँडवर एक कंडक्टर तुमच्या वडिलांसारखाच ओठ हलवत सुट्टे मोजत होता, असं एकदा. कुणाच्या तरी शेतात हळदीच्या पानात वाफवलेलं खायला दिलं, तुमची आठवण झाली, असं एकदा. ती जेवणाच्या सुट्टीत फोन समोर ठेवून डबा खायला लागली. आपण सकाळी आरशासमोर जरा जास्त वेळ उभं राहतो, हे तिच्याही लक्षात आलं.

पौषात एकदा देविदासने तिच्या फोनवरचा मेसेज येता-जाता वाचला.

"हे भागवतनं लिहिलं म्हणता? ताई, मशीन लिहून राहिलं ते. आपण दोन गोष्टी सांगायच्या, बाकी ते सजवतं. हे बघा." त्याने तिथल्या तिथे करून दाखवलं. गाडी, पास, वडील, एवढंच टाकलं. पाच ओळी आल्या. थेट भागवतच्याच वाटाव्या अशा.

दुसऱ्या दिवशी भागवत ऑफिसात आला तेव्हा तिने विचारलं, "ते मेसेज तुमीच लिहिता का?"

भागवतचे कान लाल झाले. त्याने मान खाली घातली, कसंनुसं हसला आणि मोटरसायकलची किल्ली शोधत बाहेर निघून गेला.

तिला उत्तर मिळालं. घरी जाऊन तिने सगळे मेसेज पहिल्यापासून वाचले. प्रत्येक ओळ आता उसनी वाटत होती. सहा महिने आपण एका यंत्रासाठी वेणी घालत होतो, असं तिला वाटलं.

आठवड्याने त्याने लिहिलं, "तुमी एकट्या जेवता ते बघवत न्हाई. जन्मभर सोबत जेवायचा विचार करता येईल का? घाई न्हाई."

तिने मशीनलाच सांगितलं, नकार लिही. "आपल्या भावनांचा मी आदर करते. तथापि सद्यस्थितीत आपला प्रस्ताव स्वीकारणे मला शक्य नाही. आपल्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा." एक अक्षर न बदलता तिने ते पाठवून दिलं.

उत्तर आलं, "बरं."

बघा, स्वतः लिहायचं म्हटलं की एवढंच येतं, असं तिने मनाशी म्हटलं. पण त्यानंतर कितीतरी दिवस डबा तसाच घरी परत जात राहिला.

होळीनंतर भागवतने नोकरी सोडली आणि आखाडा बाळापूरला दुसरीकडे लागला. परवाच्या रविवारी त्याचं लग्न झालं. सगळं ऑफिस गेलं होतं. शिवकन्या ही दोन पानं पुरी करायची म्हणून मागे राहिली.

मंगळवारी व्यंकटरावांनी पानं सावकाश वाचली.

"काढा म्हणता तर."

"व्हय. माणसाचं माणसानं लिहिलेलं बरं असतं."

"ठीक हाय. अजून काही?"

"बिलात चूक दिसून राहिली. सुरुवातीला आपण सोळा जण होतो. त्यांनी पहिल्या महिन्यापासून पंधरा जणांचंच भाडं लावलंय. बंद करायच्या आधी कळवावं लागेल, न्हाईतर मागून मागतील."

"बराबर हाय ते," व्यंकटराव चष्मा पुसत म्हणाले. "भागवतनं घेतलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी म्हणला, मला कुणाला काही लिहायचं असंल तर मीच लिहीन, उशीर लागला तरी चालंल."