उंबरठ्यावरची अंगठी

"उंबरठ्यावरून?" तमाराच्या हातातला कप तसाच राहिला. "अहो, उंबरठ्यावरून आम्ही मीठसुद्धा देत-घेत नाही, आणि तुम्ही अंगठी दिलीत?"

इंग्लंडमधल्या हल बंदरातल्या आपल्या घरात, या रशियन शेजारणीपुढे, नॉर्मनने चाळीस वर्षांचं दुखणं आज पहिल्यांदाच उघडं केलं होतं.

लेनिनग्राडच्या कारखान्यात तो यंत्रं बसवायला गेला, तेव्हा रिम्मा त्याची दुभाषी होती. काय दिवस होते ते! ती घरात खुशाल शीळ घालत फिरायची. "अगं, घरातला पैसा जाईल!" म्हातारी मावशी ओरडायची. मग रिम्मा आणखी जोरात शीळ घालायची. ती असली की नॉर्मनला तिथली थंडी जाणवायचीच नाही.

निघायच्या दिवशी त्याने दारातूनच अंगठीची डबी पुढे केली. रिम्मा एक पाऊल मागे सरली. "नको," म्हणाली. तो आल्या पावली परतला. पुढे त्याने लग्न केलंच नाही.

"धन्य आहात!" तमाराने डोळे पुसले. "उंबरठ्यावरून दिलं की ताटातूट होते. ती मागे सरली ती तुम्ही आत यावं म्हणून! तुम्हा इंग्रजांचं हे असं. एकदा 'नको' ऐकलं, की पुन्हा विचारायची लाज."

नॉर्मनने जुन्या पत्त्यावर भीत भीत पत्र टाकलं. महिन्याभराने उत्तर आलं: 'एकटीच असते. ये, चहा पिऊ.' सत्तरीच्या माणसाने विशीतल्यासारखी बॅग भरली.

दार रिम्मानेच उघडलं. केस पांढरे झाले होते, हसू मात्र तेच. नॉर्मनने आधी उजवा पाय आत टाकला, मग डावा. दोन्ही पाय आत आल्याचं खाली वाकून बघितलं आणि मगच डबी पुढे केली.

"हे काय रे?"

"त्या दिवशी उंबरठा आडवा आला, रिम्मा. मला बापड्याला ठाऊकच नव्हतं. आता कळलंय."

रिम्मा डबीकडे बघत राहिली. मग तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि चहा आणायला वळली. स्वयंपाकघरातून शीळ ऐकू आली. नॉर्मनचा ऊर भरून आला.

"अजून घालतेस शीळ घरात?"

"का नाही घालणार? मावशीचं असलं काही मी कधी मानलं होतं का?" तिने कप त्याच्यापुढे ठेवला आणि हलकेच त्याच्या हातावर हात ठेवला. "नॉर्मन, उंबरठ्याला उगीच बोल लावू नकोस. तू त्या दिवशी अगदी बरोबर समजला होतास."