बारावा मुलगा

"हा माझा मुलगा आहे," बाप म्हणाला आणि अख्खं कोर्ट हसलं. शिपाई हसला, वकील हसले. कठड्यातला मुलगा तेवढा हसला नाही.

कोर्टात त्याला सगळे 'बाप'च म्हणत. आरोपीला जामिनावर सोडायचं तर तो तारखेला हजर राहील अशी हमी देणारा, त्याला नीट ओळखणारा माणूस लागतो. ज्यांना असं कुणी नसतं त्यांच्यासाठी कोर्टाच्या पायऱ्यांवर दोघं बसून असत. एक बाप, दुसरा मामा. ज्याला जे नातं हवं ते त्याने न्यावं. दोघांच्याही घराचे कागद खरे होते. बाकी काही खरं नव्हतं.

आज मात्र बापाचं काम घरचं होतं. पोराने आपल्या साहेबाच्या गाडीत ओलं सिमेंट ओतलं होतं. काचेपर्यंत. उद्यापासून कोर्टाला पंधरा दिवस सुट्टी. आज जामीन झाला नाही तर पोरगा पंधरा दिवस आत.

मॅजिस्ट्रेट बाई नव्या होत्या आणि त्यांना वाचायची वाईट सवय होती. त्यांनी रजिस्टर उघडलं.

"गेल्या वर्षभरात तुम्ही अकरा मुलगे, सात भाचे आणि एक सासरे सोडवलेत. सासरे तुमच्याहून बारा वर्षांनी लहान आहेत."

"दुसरं लग्न, मॅडम. पण हा खरा आहे. नाक बघा."

मॅडमनी नाक बघितलं. दोन्ही बघितली.

"नाकावर जामीन देता येत नाही. मुलगा काय करतो?"

"नोकरी. मोठ्या ऑफिसात."

"तीन महिन्यांपूर्वी काढलंय त्याला. याच साहेबांनी. त्याच्याशी शेवटचं कधी बोललात?"

बाप बोटांवर महिने मोजू लागला, मग त्याने हात खाली घेतला. "वेगळा राहतो, मॅडम. आणि मुळात मितभाषी आहे."

कठड्यातला मितभाषी छताकडे बघत होता.

"जामीनदार नामंजूर. पाचच्या आत दुसरा आणा."

बाप पायऱ्या उतरून मामासमोर उभा राहिला. वीस वर्षं शेजारी बसून दोघांनी एकमेकांशी धंद्याचं अवाक्षर काढलं नव्हतं. बापाने हात जोडले. मामाने डबा झाकला, केसांवरून कंगवा फिरवला आणि सरळ वर निघाला. पोराची माहिती पढवून घ्यायलाही थांबला नाही. बाप त्याच्या मागोमाग धावला.

"तुमचेही भाचे बरेच दिसतात," मॅडम म्हणाल्या.

"हो, मॅडम. पण हा भाचा नाही. नुसता ओळखीचा आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काय ओळख?"

"नोकरी गेल्यापासून सायकलच्या दुकानात पंक्चर काढतो. चहा बिनसाखरेचा. झोप नाही. राग आला की आधी गप्प बसतो, मग बांधकामाचं सामान आणतो. पण तारखेला येतो, मॅडम. माझ्या आधी येऊन बसतो."

कठड्यातला मुलगा पहिल्यांदा हसला.

"मंजूर."

कागदांवर सह्या होईपर्यंत बाप आणि मामा बाहेर व्हरांड्यात थांबले. बाप खूश होता. धंद्यातलं कौशल्य त्याला कळत होतं.

"मानलं तुला! एवढं सगळं जमवलंस कधी?"

"जमवायचं काय त्यात? वाळूच्या वेळी मीच होतो. खडीच्या वेळीही."

"कसली वाळू?"

"त्याच गाडीतली. वरच्या मजल्यावरच्या कोर्टात झाला जामीन. दोन्ही वेळा तू खाली दुसऱ्याच कुणाचा तरी बाप होतास." मामाने खिशात कंगवा ठेवला. "मी म्हटलं त्याला, अरे, तुझा बाप खालीच आहे, हाक मारतो. तर म्हणाला, 'नको मामा. कोर्टाला मला ओळखणारा माणूस हवाय.'"